खिडक्यांच्या काळ्या पट्ट्या राखाडी पडल्यात – पॉलिश की नवा रंग?

मागचं_चाक
रविवार, सकाळी ११:१०

गाडी नऊ वर्षांची आहे. बॉडीचा रंग अजून ठणठणीत, पण खिडक्यांच्या कडेच्या काळ्या पट्ट्या, दोन दारांमधला खांब आणि वायपरचे दांडे पार राखाडी झालेत. मूळ रंग सॅटिन काळा होता, म्हणजे चकचकीत नाही आणि अगदी कोरडाही नाही. आता ओल्या फडक्याने पुसून वाळलेल्या फळ्यासारखा दिसतो. बोट फिरवलं की बोटाला पांढुरकी पूड लागते.

काल उत्साहाच्या भरात एका पट्टीवर रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) घासलं. तळहाताएवढा भाग काळा झाला, पण तेवढाच तुकडा चकाकायला लागला. आता ती पट्टी लांबूनही ओळखू येते. बाकीच्या पट्ट्याही तशाच घासून एकसारख्या करू, की सरळ स्प्रे कॅन आणू? गाडी रोज उन्हात उभी असते, छप्पर नाही. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

चौथा_गियर
रविवार, सकाळी ११:३२

एवढा विचार कशाला करता? डॅशबोर्डला लावतात ते दुधासारखं पॉलिश मारा, दोन मिनिटांत नव्यासारखं दिसतं. मी दर रविवारी मारतो.

धूळभेट
रविवार, सकाळी ११:४०

दर रविवारी मारावं लागतं, यातच उत्तर आलं की. :)

चौथा_गियर
रविवार, सकाळी ११:४४

माझा रविवार, माझं पॉलिश.

घासपेपर
रविवार, दुपारी १:०५

मी गाड्यांच्या रंगकामातच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मा.चा., पहिली विनंती ही की ते कंपाउंड कपाटात ठेवून द्या. सॅटिन रंगाची चमक मुद्दाम मारलेली असते. त्यात सिलिकासारखी बारीक पूड मिसळलेली असते, त्यामुळे वाळल्यावर पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत राहतो आणि उजेड एका दिशेला न जाता विखुरतो. कंपाउंडने तुम्ही ते उंचवटे घासून सपाट केलेत. सपाट झालं की चमकणारच. ते पुन्हा खडबडीत करायला बाटलीतलं कुठलंच औषध नाही. बाकीच्या पट्ट्या घासून ‘एकसारख्या’ होतील ही आशाही सोडा, कारण हात सगळीकडे सारख्या दाबाने फिरत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही ज्याला ‘काळ्या पट्ट्या’ म्हणताय ती एकच वस्तू असेल असं नाही. एकाच गाडीवर रंगवलेला पत्रा असतो, रंगवलेलं प्लास्टिक असतं, मुळातच काळं आणि कधीच न रंगवलेलं खरखरीत प्लास्टिक असतं (बंपरची खालची कड, चाकांवरच्या कमानी). दारांमधल्या खांबावर तर बऱ्याचदा रंग नसतोच, काळी फिल्म चिकटवलेली असते. आणि काही गाड्यांच्या खिडक्यांभोवती विजेच्या प्रक्रियेने संरक्षक थर चढवलेलं, म्हणजे अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. लांबून सगळं काळं. पण फिल्मला सँडपेपर लावला किंवा कच्च्या प्लास्टिकवर थेट रंग मारला, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून आधी ओळख पटवा. दार उघडल्यावरच दिसेल अशा एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर टिपूसभर कंपाउंड घेऊन हलकंच घासा. फडकं काळं झालं तर तो वर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेला साधा रंग. काहीच उतरलं नाही तर वर क्लिअरचा थर आहे, किंवा ती फिल्म आहे, किंवा अ‍ॅनोडाइझ आहे. फिल्मची कड नखाला लागते, आणि दाराच्या आतल्या बाजूला ती दुमडून संपलेली दिसते. सुटा भाग काढता आला तर मागे बघा, प्लास्टिकवर उठावात त्याच्या जातीची पीपी, एबीएस अशी अक्षरं असतात. ती लिहून ठेवा, पुढे कामाला येतील.

मग सगळ्यात स्वस्त चाचणी करा. पट्टी धुवून वाळवा आणि तिच्यावर ओलं फडकं फिरवा. ओली असेपर्यंत कशी दिसते ते सांगा. एकसारखी काळी, की ओली असूनही डागाळलेली?

पाटी_पेन्सिल
रविवार, दुपारी १:२०

ताई, प्रश्न बाळबोध आहे, पण पाण्याने काळं का दिसतं? पाण्याला तर रंग नाही.

रेणूसूत्र
रविवार, दुपारी २:१५

बाळबोध अजिबात नाही, सगळी गोम त्यातच आहे.

‘रंग उडाला’ असं आपण म्हणतो, पण काळ्या पट्टीतला काळा रंग बहुतेक वेळा उडालेलाच नसतो. तो कार्बन ब्लॅक असतो, म्हणजे एका परीने काजळीच. उन्हाने काजळी फिकी पडत नाही. बिघडतं ते तिला धरून ठेवणारं राळ, ज्याला रंगवाले रेझिन म्हणतात. अतिनील किरणांनी त्या राळेच्या साखळ्या तुटतात, ओल आणि उष्णता हातभार लावतात, आणि वरचा पातळ थर झिजून त्यातली पूड उघडी पडते. मा.चां.च्या बोटाला लागली ती हीच. याला चॉकिंग म्हणतात, नाव अगदी खडूवरूनच पडलंय.

आता उघड्या पडलेल्या कणांमध्ये हवेच्या असंख्य फटी तयार होतात. हवेचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.०, राळेचा साधारण १.५. एवढा फरक असला की प्रत्येक फटीवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढुरकं दिसतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे राळेच्या बराच जवळ. पाण्याने फटी भरल्या की विखुरणं कमी होतं आणि खालची काजळी पुन्हा दिसायला लागते. भिजलेला सुती सदरा गडद दिसतो तो यामुळेच.

चौथा गियर यांचं रविवारचं दूधही हेच करतं. फटी भरतं. फक्त पाणी दोन मिनिटांत उडतं आणि त्यांचं तेल आठवडाभर टिकतं.

चौथा_गियर
रविवार, दुपारी २:३०

म्हणजे माझं शास्त्र बरोबर होतं!

घासपेपर
रविवार, दुपारी २:४१

शास्त्र बरोबर, उपाय तात्पुरता. रेणूसूत्र म्हणतात तेच मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. ओली असताना पट्टी एकसारखी काळी दिसली, तर खाली रंग शाबूत आहे आणि वरून फटी कायमच्या भरणारं काहीतरी चालेल. ओली असूनही चट्टे दिसले, तर रंगच जागोजागी गेलाय किंवा क्लिअर सुटलंय, तिथे कुठलंही लेपण उपयोगाचं नाही.

मागचं_चाक
रविवार, संध्याकाळी ६:५०

ताई, सगळं केलं.

खिडकीच्या पट्ट्या: पांढरं फडकं काळं झालं. ओल्या असताना एकसारख्या काळ्या दिसतात, फक्त मी घासलेला तुकडा वेगळा कळतो. वायपरचे दांडे: ओले असताना काळे, पण कोपराशी तपकिरी ठिपके आहेत, गंज असावा. दारांमधला खांब: ओला केला तरी काही फरक नाही, बारीक तडे गेल्यासारखं दिसतं. आणि खरंच, दार उघडल्यावर नखाला कड लागली. नऊ वर्षं मी याला रंग समजत होतो!

घासपेपर
रविवार, रात्री ८:१२

शाब्बास. आता कामाचे तीन भाग झाले.

खांबावरची फिल्म तडकलीय म्हणजे तिचं आयुष्य संपलं. हेअर ड्रायरने कोमट करून, कडेपासून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून मागे ओढत सावकाश काढायची. सरळ वर ओढली तर तुकडे पडतात आणि गोंद मागे राहतो. नवी सॅटिन काळी फिल्म लावा, रंगाच्या भानगडीत तिथे पडू नका.

वायपरचे दांडे धातूचे, तिथे गंज काढून अस्तर आणि रंग.

खिडकीच्या पट्ट्यांना तुमच्यापुढे दोन रस्ते होते. एक, नुसतं स्वच्छ करून प्लास्टिक-ट्रिमचं सिरॅमिक जातीचं कोटिंग लावणं. ते फटींत शिरून कडक होतं आणि तेलापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. हा रस्ता तुम्ही कालच्या कंपाउंडने बंद केलात, कारण कोटिंगखालीही तो तुकडा वेगळाच दिसणार. उरला नवा रंग.

धूळभेट
रविवार, रात्री ८:३०

वायपरवरून माझी फजिती सांगतो. मी रंगवायला दांडे काढले, सुंदर रंगवले, दोन दिवस वाळवले, बसवले. पहिल्याच पावसात वायपर चालू केला तर डावा दांडा काच सोडून खाली बॉनेटच्या कडेवर आपटला. नवा रंग तर गेलाच, बॉनेटचाही टवका उडाला. दांडा ज्या दात्यांवर बसतो त्यावर तो एक-दोन दाते इकडेतिकडे बसला तरी नट घट्ट होतो, काही कळत नाही. काढण्याआधी पात्याच्या टोकाशी काचेवर टेपचा तुकडा चिकटवा. एवढं एक केलं असतं तर…

आणि दांडा निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. त्याचा छोटा पुलर मिळतो. काचेला अंगठ्याएवढी चीर पडली तर सगळा उद्योग महागात जातो.

घासपेपर
रविवार, रात्री ८:४४

धूळभेट +१. दांड्याचं पातं काढल्यावर काचेवर जाडसर टॉवेलची घडी ठेवा. स्प्रिंगचा दांडा पात्याशिवाय काचेवर आपटला की काच गेलीच म्हणून समजा.

पाटी_पेन्सिल
रविवार, रात्री ९:०२

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. ताई, पट्ट्यांच्या रंगाची पूर्ण कृती लिहाल का? मलाही करायचंय.

घासपेपर
सोमवार, सकाळी ७:२५

लिहिते. यातला स्प्रे मारण्याचा भाग सगळ्यात छोटा आहे.

सुटी होणारी पट्टी काढूनच रंगवा. क्लिपा जुन्या झाल्या की ठिसूळ होतात, थंडीत तर कडाकडा तुटतात, म्हणून आधी जरा ऊब द्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचला. निघत नसेल तर भोवती नीट टेप लावा. रबराच्या बीडिंगखाली टेपची कड सरकवायची असते, बीडिंगवर टेप लावून थांबायचं नाही, नाहीतर रबरावर काळी रेघ राहते. काच आणि दार कागदाने झाका, आणि झाकताय त्याच्या दुप्पट झाका. स्प्रेची धूळ तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लांब जाते.

मग स्वच्छता. इथे लोक घाई करतात आणि इथेच काम बिघडतं. आधी साबणपाणी. वाळल्यावर वॅक्स-ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, दोन फडकी घेऊन: एकाने ओलं करायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसलं तर मळ उचलला जात नाही, फक्त जागा बदलतो. आणि हे सगळं घासण्याच्या आधी. आधी सँडपेपर फिरवलात तर वरची तेलं ओरखड्यांत दाबली जातात, मग ती काढणं कर्मकठीण.

जुना रंग धरून आहे का तेही बघा. आडोशाच्या जागी ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकडी करा, टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपसोबत आले तर तो रंग पूर्ण काढावा लागेल, कारण सुटणाऱ्या रंगावर चढवलेला नवा रंग त्याच्यासोबतच सुटतो. चौकोन जागेवर राहिले तर ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून एकसारखा खरखरीतपणा आणा. पांढुरकी पूड पूर्ण जायला हवी. कुठे खालचं प्लास्टिक उघडं पडलं आणि मागे पीपी लिहिलं असेल, तर तिथे रंगाला पकड देणारा प्लास्टिकचा अ‍ॅडहेजन प्रमोटर लागतोच. पीपीवर रंग मुळात चिकटायला तयार नसतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी अस्तर.

रंग मारताना कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावरही पूर्ण दोन मिनिटं हलवा. सॅटिनमध्ये चमक मारणारी पूड तळाशी बसते. ती नीट मिसळली नाही तर पहिली पट्टी चकचकीत आणि शेवटची कोरडी निघेल. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा पट्टीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसत राहील. तो बघून हात शिवशिवतात, पण आवरा. १० मिनिटं थांबा. असे तीन हात पुरतात. शेवटचा हात सगळ्या पट्ट्यांवर एकाच दिशेने, एकाच वेगाने.

टेप रंग पूर्ण वाळायच्या आत काढायची, स्वतःवरच दुमडून मागे ओढत. वाळल्यावर काढली तर रंगाची कड फाटते.

पाऊस-दमटपणा असताना रंगवू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग दुधाळ पडतो. कडक उन्हात तापलेल्या पट्टीवरही नको, रंग वाटेतच वाळून खरखरीत बसतो. कॅन थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवा. शेगडी, हीटर यांच्याजवळ कधीच नाही. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते ती गंमत म्हणून नाही.

नटबोल्ट
सोमवार, सकाळी ९:१०

साध्या कॅनपेक्षा टू-के वाले घ्या ना. खालची पिन दाबली की हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, आत मिसळतो. पेट्रोल सांडलं तरी रंग हलत नाही.

घासपेपर
सोमवार, सकाळी ९:५५

रंग मजबूत होतो हे खरं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडून गेल्यावरही येईलच असं नाही, आणि त्याने दमा लागतो. एकदा शरीर त्याला चिडलं की मग थोड्याशा वाफेनेही अटॅक येतो. माझ्या ओळखीतला एक चांगला कारागीर त्यामुळे या धंद्यातून बाहेर पडला. आम्ही ते बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून मारतो. घराच्या अंगणात खिडकीच्या पट्टीसाठी मी ते कुणालाच सुचवणार नाही. साध्या कॅनलासुद्धा मोकळी हवा आणि सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारं कार्ट्रिज असलेला मास्क हवा. कापडी मास्क धुळीसाठी असतो, वाफ त्यातून आरपार जाते.

आणि पिन दाबल्यावर तो कॅन एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो. एका पट्टीसाठी उघडलात तर उरलेला टाकूनच द्यावा लागतो.

नटबोल्ट
सोमवार, सकाळी १०:०३

हे माहीत नव्हतं. मी गेल्या वर्षी बंद गॅरेजात मारला होता. शब्द मागे घेतो.

सावलीतली_गाडी
सोमवार, दुपारी १२:४०

थोडं अवांतर. माझ्या गाडीच्या खिडक्यांभोवतीची चंदेरी पट्टी दुधाळ झालीय, पांढरे ओघळ आल्यासारखी. कुठल्याच पॉलिशने जात नाही. यालाही रंगच?

रेणूसूत्र
सोमवार, दुपारी १:१८

ती बहुधा अ‍ॅनोडाइझ केलेली अ‍ॅल्युमिनियम पट्टी आहे. तो थर काही मायक्रॉनचा असतो आणि साधारण ४ ते ८ पीएचमध्येच सुखी असतो. जोरदार अल्कली असलेली, फवारून धुवून टाकायची क्लीनर त्याला खातात आणि असे दुधाळ ओघळ येतात. डाग थरावर नसतो, थरच बिघडलेला असतो. जोर लावून पॉलिश केलंत तर डाग जाईल, सोबत थरही जाईल, आणि मग उघडं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा डागाळत राहील. पट्टी बदला किंवा वरून फिल्म लावा.

मागचं_चाक
शनिवार, संध्याकाळी ५:३०

ताई, घात झाला.

सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. पट्ट्या काढल्या, धुतल्या, सॉल्व्हंट, ६०० नंबर. पहिला हात मारला आणि डोळ्यांदेखत रंगात गोल गोल खड्डे पडायला लागले. मोहरीएवढे, मध्ये जुना पृष्ठभाग दिसतो आणि भोवती रंगाची कड उभी राहिलेली. एका पट्टीवर वीसेक असतील. झाकले जातील म्हणून दुसरा हात जाड मारला, तर खड्डे तिथेच आणि खालच्या कडेला ओघळ आले. आगीतून फुफाट्यात. कॅन खराब निघाला का?

घासपेपर
शनिवार, संध्याकाळी ६:०५

कॅन बरोबर आहे. याला फिश-आय म्हणतात, आणि हजारात नऊशे नव्याण्णव वेळा कारण एकच असतं. खरं सांगा, या पट्ट्यांवर आजवर काय काय लावलंय?

मागचं_चाक
शनिवार, संध्याकाळी ६:२०

…डॅशबोर्डचं पॉलिश. दोन-तीन वर्षं. अधूनमधून. म्हणजे बऱ्याचदा.

चौथा_गियर
शनिवार, संध्याकाळी ६:२१

मी काही बोललो नाही.

घासपेपर
शनिवार, संध्याकाळी ६:४८

आणि पहिल्या दिवशी हे सांगितलं नाहीत! ताकाला जाऊन भांडं लपवलंत.

त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन तेल असतं. त्याचा पृष्ठताण रंगापेक्षा खूप कमी, त्यामुळे तेलाचा अदृश्य ठिपका जिथे असेल तिथून रंग मागे सरतो आणि खड्डा पडतो. वरून कितीही जाड हात मारा, तेल तिथेच आहे, रंग पुन्हा सरणार. चॉकिंग झालेल्या पृष्ठभागाच्या फटीत ते वर्षानुवर्षं मुरतं, एकदा पुसून निघत नाही. नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तर सिलिकॉन धड निघतच नाही. तुम्ही काय वापरलं होतं?

मागचं_चाक
शनिवार, संध्याकाळी ६:५५

आयसोप्रोपिल. घरात होतं म्हणून. आणि फडकंही एकच.

घासपेपर
शनिवार, संध्याकाळी ७:१०

मग झालं ते नवल नाही. पुढचं ऐका. आज हात लावू नका, ओला रंग घासलात तर पेपर चिखलाने भरेल. दोन-तीन दिवस वाळू द्या. मग घासायच्या आधी खरं वॅक्स-ग्रीस सॉल्व्हंट घेऊन दोन फडक्यांनी तीनदा पुसा, दर वेळी नवं फडकं. साधा स्प्रेचा रंग सॉल्व्हंटने मऊ पडू शकतो, पडला तर पडू दे, तो काढायचाच आहे. खड्डे आणि ओघळ ४०० ने पूर्ण सपाट करा, मग ६००. परत सॉल्व्हंट. परीक्षा अशी: स्वच्छ पाणी ओता. सलग पातळ पडदा धरला तर स्वच्छ. थेंब जमले, पडदा फाटला, तर अजून तेल आहे, पुन्हा पुसा. पडदा धरेपर्यंत कॅनला हात नाही.

आणि ज्या जागेत रंगवताय तिथे कुणी ते पॉलिश फवारलं नाही ना, तेही बघा. हवेतून आलेला तुषारही पुरतो.

मागचं_चाक
पुढचा रविवार, दुपारी ४:१५

झालं!!

पाण्याचा पडदा धरायला पाच वेळा पुसावं लागलं. पहिल्या खेपेला पाणी कमळाच्या पानावरच्यासारखं गोळा होऊन घरंगळत होतं, तेव्हा कळलं किती तेल प्यायलं होतं त्या पट्टीने. पाचव्यांदा पाणी सलग पसरलं. मी तिथेच उकिडवा बसून अर्धा मिनिट नुसता बघत राहिलो, बायको म्हणाली काय झालं. तिला काय सांगणार.

तीन पातळ हात. पहिला हात इतका विरळ होता की चुकतोय असं वाटलं, पण एकही खड्डा नाही. वायपरच्या कोपराचा गंज ३२० ने काढला, इपॉक्सी अस्तर, मग तोच काळा. काचेवर टेपच्या खुणा केल्या होत्या, दांडे जागच्या जागी बसले. धूळभेट, तुमचे उपकार. खांबाची फिल्म निघाली, नवी पुढच्या आठवड्यात लावतो, तोवर गाडी एका डोळ्याला पट्टी बांधल्यासारखी दिसतेय.

एकच. उजवीकडची मागची पट्टी किंचित जास्त चमकते. तिरप्या उन्हात कळतं.

घासपेपर
पुढचा रविवार, संध्याकाळी ५:००

ती शेवटी रंगवलीत का? आणि दुसरा कॅन उघडला होतात?

मागचं_चाक
पुढचा रविवार, संध्याकाळी ५:०४

हो! कसं ओळखलंत? अंधार पडत होता म्हणून तो फार हलवला नाही.

घासपेपर
पुढचा रविवार, संध्याकाळी ५:२०

पूड तळाशी राहिली, वरचं पातळ राळ आधी आलं. दुरुस्ती सोपी आहे: रंग आठवडाभर कडक होऊ द्या, ८०० ने हलकं मारा, नीट हलवलेल्या कॅनचा एकच हात. नाही केलंत तरी चालेल, ती चमक फक्त तुम्हालाच दिसेल. तोवर गाडी प्रेशरने धुऊ नका, आणि त्या पट्ट्यांवर काहीही लावू नका. काहीही म्हणजे काहीही.

पाटी_पेन्सिल
पुढचा रविवार, संध्याकाळी ५:४५

एक शंका. माझ्या गाडीला पुढे जाळीच्या मध्ये रडारचं काळं झाकण आहे, तेही फिकं पडलंय. सोबत मारून घेऊ?

घासपेपर
पुढचा रविवार, संध्याकाळी ५:५२

नको. त्या झाकणाची जाडी आणि मटेरियल रडारच्या लहरींसाठी मोजून केलेलं असतं. वरून रंग चढवला, त्यातून धातूची पूड असलेला, तर पुढच्या गाडीचं अंतर चुकू शकतं. फिकं तर फिकं. पार्किंग सेन्सरच्या टिकल्यांवरही जाड थर नको.

चौथा_गियर
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

ताई, एक विचारू का? हसू नका. मी आज माझ्या गाडीवर पाण्याची चाचणी करून बघितली. ओली पट्टी कशी दिसते तेच कळेना. पाणी थांबतच नाही, मोती होऊन खाली पळतं.

घासपेपर
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३८

किती रविवारांचं आहे?

चौथा_गियर
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:४०

सहा वर्षांचे.

घासपेपर
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:४६

फडकी भरपूर आणा.